लायसन्स मिळालं, आता गाडी कोण देणार?

लग्नाचा बस्ता बांधायला मुंबईत हिंदमाताला येऊन गेलेल्या मैत्रिणी आपल्यात कितीतरी निघतील. दादरला पूर्वेकडे उतरायचं, आंबेडकर रोडला लागायचं आणि मग दुकानामागून दुकान. मानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, ड्रेस मटेरियल... दुकानदार एकामागून एक घडी मोडत राहतो आणि आपण "अजून दाखवा" म्हणत राहतो. दुकानाबाहेर मात्र कुणी फारसं बघत नाही. तिथे टेम्पो लागलेला असतो. सुरतेहून, इचलकरंजीहून आलेल्या कापडाच्या गाठी पाठीवरून, हातगाडीवरून आत जात असतात. साडी निवडणारी बाई, नेसणारी बाई, तिला फॉल लावणारी बाई, आणि गावी नेऊन हप्त्यानं विकणारीही बाईच. पण त्या गाठी घेऊन आलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर? तिथे अजून तरी काका, दादा आणि भाऊच दिसतात.

का बरं? चालवता येत नाही म्हणून? हे उत्तर तर केव्हाच निकालात निघालंय.

आपल्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी यांचंच बघा ना. कॉमर्स आणि कायद्याचं शिक्षण घेतलेल्या योगिताताई लग्न होऊन भोपाळला गेल्या. २००३ साली नवऱ्याचं अपघाती निधन झालं. पदरात दोन मुलं आणि घरात ट्रकचा धंदा. कोर्टात ज्युनिअर म्हणून उभं राहायचं तर हातात पैसा यायला वर्षं जाणार, आणि मुलांची फी काही थांबत नाही. म्हणून त्यांनी धंदा सांभाळायला घेतला. सुरुवातीला गाडीवर ड्रायव्हर ठेवला होता. हैदराबादच्या बाजूला ट्रकला अपघात झाला आणि ड्रायव्हर गाडी सोडून पळून गेला. योगिताताई स्वतः तिथे गेल्या, ट्रक दुरुस्त करून घेतला, आणि पुढे स्वतःच चालवायला शिकल्या. मग भोपाळहून थेट केरळपर्यंत माल पोहोचवणाऱ्या मोठ्या ट्रकवर त्या दिसू लागल्या. वकिलीची पदवी असलेली बाई ट्रक चालवते याचं लोकांना कोण नवल! मला विचाराल तर नवल त्या पळालेल्या ड्रायव्हरचं वाटायला हवं.

पण योगिताताईंकडे घरचा ट्रक होता. तो नसलेल्या मुलीचं काय? आपल्यापैकी बहुतेकींची अडचण नेमकी इथे आहे. हेवी लायसन्सची टेस्ट पास होणं ही अर्धीच लढाई. उरलेली अर्धी म्हणजे पहिली गाडी हातात देणारा माणूस शोधणं.

एसटीचं उदाहरण घ्या. 'चालक तथा वाहक' पदासाठी २०१९च्या भरतीत महामंडळानं बायकांसाठी अटी शिथिल केल्या. उंचीची अट १६० सेंटिमीटरवरून १५३वर आणली आणि हेवी लायसन्सऐवजी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर अर्ज घेतले. हेवीचं शिक्षण महामंडळच देणार होतं. मुली निवडल्या गेल्या, आणि आला करोना. बसच बंद, तिथे शिकवणार कोण? तो ओसरतो न ओसरतो तोच नोव्हेंबर २०२१मध्ये एसटीचा संप सुरू झाला आणि थेट एप्रिल २०२२पर्यंत चालला. शेवटी ८ जून २०२३ला अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा अशी बस नेली. प्रवाशांना घेऊन लाल परी चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव सगळ्या पेपरांत आलं. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. म्हणजे मागे अर्ध्या तिकिटात बायका आणि पुढे स्टिअरिंगवर बाई! पण निवड आणि पहिली फेरी यांच्यामध्ये चार वर्षं गेली. या चार वर्षांत घरच्यांची किती बोलणी खावी लागली असतील? "काय झालं तुझ्या त्या नोकरीचं?" हा प्रश्न शेजारीपाजारी किती वेळा विचारून गेले असतील? ते कुठल्याच बातमीत नव्हतं.

मुंबईत 'बेस्ट'च्या बसवर मे २०२२मध्ये धारावी डेपोतून लक्ष्मी जाधव निघाल्या. त्या आधी मुलुंडला रिक्षा चालवायच्या. आणि २०१९मध्ये मालाडच्या प्रतीक्षा दास या मेकॅनिकल इंजिनिअर मुलीचे गोरेगाव डेपोत बस शिकतानाचे फोटो सगळीकडे फिरले. तिला व्हायचं होतं आरटीओ अधिकारी, आणि त्यासाठी हेवी लायसन्स लागतं म्हणून ती बस शिकत होती. बघा, ट्रक-बस शिकण्याचं हेही एक कारण असू शकतं. लोकांची टेस्ट घ्यायच्या खुर्चीत बसायचं तर आधी स्वतः टेस्ट द्यायला नको का?

आता टेस्टकडे वळू. वयाची २० वर्षं पूर्ण हवीत. हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र हवं आणि डॉक्टरचा दाखलाही. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९मध्ये काढून टाकली. तेव्हा शाळा लवकर सुटलेल्या मैत्रिणींनी त्या कारणानं मागे राहू नये.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, जी बऱ्याच जणींना ठाऊक नसते. साडेसात हजार किलोच्या आतला मालवाहू टेम्पो साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतो, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ला हे स्पष्ट केलं. (गॅस, रसायनं असला धोकादायक माल यात येत नाही, त्याचं वेगळं प्रशिक्षण आहे.) हिंदमाताच्या गल्ल्यांत कापड पोहोचवणारे छोटे टेम्पो याच गटातले. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी इथेच धरावी. अर्ध्या रस्त्यावर हातगाडी, उरलेल्या अर्ध्यावर दुकानाबाहेर उभी केलेली स्कूटर, मधून पिशव्या घेतलेल्या मायलेकी, अशा ठिकाणी जिला गाडी रिव्हर्स घेता आली, तिला आरटीओच्या मैदानातला आठचा आकडा काय घाबरवणार!

टेस्टला घेऊन जातात ती गाडी बहुधा रिकामी असते, आणि शिकवतातही रिकाम्या गाडीवरच. खरी गंमत (गंमत म्हणायची आपली!) त्यापुढे सुरू होते. दहा टन माल भरला की तीच गाडी वेगळी होते. ब्रेक दाबल्यावर थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते, वळणावर कलते, चढावर दम टाकते. घाट उतरताना नुसत्या ब्रेकवर विसंबून चालत नाही. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. इंजिननंच गाडी रोखून धरली पाहिजे, नाहीतर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐनवेळी धरत नाहीत. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. सकाळी गाडी सुरू केली की हवेचा काटा वर चढेपर्यंत थांबायचं. घाई केली तर गाडी जागची हलतही नाही, कारण हवा नसेल तर मागचा ब्रेक आपोआप आवळलेला असतो. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून वळण मोठं घ्यायचं आणि डावा आरसा सोडायचा नाही. केबिनच्या अगदी पुढे आणि डाव्या अंगाला उभं असलेलं लहान मूल उंच सीटवरून दिसतच नाही. शाळेजवळून जाताना हे पक्कं लक्षात ठेवायचं.

ताकदीचं म्हणाल तर पॉवर स्टिअरिंग आल्यापासून तो मुद्दा संपला. पायाची लांबी मात्र बघावी लागते. क्लच तळापर्यंत दाबताना कंबर सीटवरून सुटत असेल तर सीट पुढे घ्या, पाठीला पक्की उशी लावा आणि तसं मागायला लाजू नका. सलवार-कमीज चालेल, पँट चालेल, ओढणी नको. पायात चप्पल तर नकोच नको, पेडलखाली अडकते. ताडपत्री ओढून दोरखंड आवळणं हे खरं अंगमेहनतीचं काम. त्याची गाठ कशी मारायची ते पहिल्या फेरीआधीच कुणा जाणत्याकडून शिकून घ्या. माल चढवणं-उतरवणं मात्र तुमचं काम नाही. ते माथाडी कामगारांचं काम, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९चा कायदा आहे. "ताई, जरा हात लावा" म्हणून सुरुवात होते, एवढं सांगून ठेवते.

आणि पाऊस! मुंबईत जोराचा पाऊस झाला की टीव्हीवर पहिलं दर्शन आमच्या हिंदमाताचंच होतं. जागाच बशीसारखी खोलगट. पाणी साठवायला महापालिकेनं दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेविअर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, तरी ड्रायव्हरनं डोळे उघडे ठेवलेले बरे. पुढच्या गाडीचं चाक किती बुडतंय ते आधी बघायचं. जायचंच ठरलं तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखं, मध्ये न थांबता. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी आत गेलेलं असलं तर इंजिनच जातं, आणि मालक तो खर्च कुणाच्या नावावर टाकेल हे सांगायला नको.

मालकाचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगते. नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बाई, रात्री कुठे थांबणार?" या प्रश्नाचा मला राग येतो, पण तो अगदीच खोटा नाही. हायवेला स्वच्छ, दिवा असलेलं, आतून कडी लागणारं बायकांचं स्वच्छतागृह किती मैलांनी सापडतं? पाणीच न पिता गाडी चालवायची हा त्यावरचा उपाय नव्हे, त्यानं लघवीचा त्रास मागे लागतो. पण इथे कमी आहे ती रस्त्यावरच्या सोयीत, आणि तिचं कारण देऊन नोकरी नाकारली जाते बाईला. तेव्हा उत्तर तयार ठेवायचं: सुरुवातीला दिवसाच्या फेऱ्या द्या, रात्री परत येण्याजोग्या. आपल्या वाटेवरचे पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीचा ढाबा यांची वही करायची. सुरेखा यादव साताऱ्याकडच्या. १९८८-८९मध्ये त्या रेल्वेत इंजिनवर चढल्या तेव्हा तिथेही हाच प्रश्न होता. आधी मालगाड्या, २०००मध्ये मुंबईची लेडीज स्पेशल, २०११च्या ८ मार्चला डेक्कन क्वीन, २०२३मध्ये सोलापूर-मुंबई वंदे भारत... सप्टेंबर २०२५मध्ये त्या निवृत्तही झाल्या. रात्रीच्या ड्यूट्या करत अख्खी नोकरी झाली.

मालकाला आपणही चार प्रश्न विचारायचे, आणि तेही पहिल्याच दिवशी. पगार महिन्याचा की फेरीचा? जेवणाचा भत्ता वेगळा का? टोल आणि पंक्चर कुणाच्या खिशातून? चलान आलं तर कोण भरणार? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरला तर दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. गाडी भरून घेतो मालक आणि नाक्यावर उभी राहते ड्रायव्हर. म्हणून वजनाची पावती बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. गाडीचं आरसी बुक, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी हे सगळं जागेवर आहे का आणि तारखा संपल्या तर नाहीत ना, हे स्वतः वाचायचं. राज्याबाहेर जाणारा ५० हजार रुपयांवरचा माल असेल तर ई-वे बिल लागतं. त्यावरचा गाडीचा नंबर आपल्याच गाडीचा आहे ना, तेही ताडून बघायचं. घरात किराण्याची यादी जिनं कधी डोळे झाकून मान्य केली नाही, तिला हे अवघड नाही.

पहिली फेरी लांबची घेऊ नका. जमलं तर आदल्या दिवशी त्याच रस्त्यानं शेजारच्या सीटवर बसून जा. वळणं, कमी उंचीचे पूल, अवजड गाड्यांना कुठे किती वाजेपर्यंत बंदी आहे, सगळं टिपून ठेवा. आणि हो, मालवाहू गाडीचं हे लायसन्स पाच वर्षांचंच असतं. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.