रेड वाइनचे आस्वादन

रेड वाइनचे आस्वादन म्हणजे गडद सालीच्या द्राक्षांपासून आंबवून तयार केलेल्या मद्याचे रंग, गंध, चव आणि तोंडातील स्पर्श यांच्या आधारे केलेले परीक्षण होय. व्हाइट वाइन बनवताना रस सहसा सालींपासून आधीच वेगळा केला जातो. रेड वाइन मात्र सालींसह आंबवली जाते. त्यामुळे सालींतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आणि साली व बिया यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य तिच्यात उतरते. रेड वाइन आणि अन्न यांच्या मेळाचा बराचसा विचार या टॅनिनभोवती फिरतो.

पद्धत

आस्वादनासाठी आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने 1977 मध्ये एक प्रमाणित पेला ठरवून दिला. तो तोंडाशी निमुळता असून त्यात सुमारे 50 मिलिलिटर वाइन ओततात, जेणेकरून उरलेल्या पोकळीत गंध साठून राहतो. पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका धरून रंग पाहतात. तरुण वाइनच्या कडेला जांभळी झाक असते, जुनी होत गेलेली वाइन विटकरी दिसू लागते. रंगावरून तुरटपणाचा अंदाज बांधणे मात्र फसवे ठरते. इटलीतील पिएमाँत प्रांतातली बारोलो ही वाइन दिसायला फिकट, पण अत्यंत तुरट असते. किमान 38 महिने, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय ती विक्रीस आणता येत नाही.

यानंतर पेला गोलाकार हलवून गंध घेतात आणि छोटा घोट तोंडात सर्वत्र फिरवतात. एकाच बैठकीत अनेक वाइन तपासायच्या असल्यास घोट पिकदाणीत टाकण्याची रीत आहे. व्यावसायिक परीक्षकांना त्यात काही गैर वाटत नाही. उलट न थुंकणाऱ्याच्या शेवटच्या नोंदींवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

गंधाचे वर्णन

वाइनला मिरीचा किंवा लवंगेचा वास येतो, असे म्हणणे ही केवळ कविकल्पना नव्हे. शिराझ वाइनमधील मिरीसारखा गंध रोटुंडोन या संयुगामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. हेच संयुग काळ्या मिरीतही असते. विशेष म्हणजे त्यांच्या चाचणीत सुमारे एक-पंचमांश लोकांना तो गंध जाणवलाच नाही. ओकच्या पिंपातून उतरणारे युजेनॉल हे लवंगेच्या वासाचे मुख्य द्रव्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲन नोबल यांनी 1980 च्या दशकात तयार केलेले 'गंधचक्र' वर्णनासाठी जगभर वापरले जाते. त्यातली काही फळे मराठी वाचकाला अपरिचित आहेत. जांभूळ, करवंद किंवा मनुका यांची उपमा त्याला अधिक नेमकी वाटू शकते.

दृष्टीचा प्रभाव

आस्वादकाचे डोळे त्याच्या नाकाला सहज फसवतात. बोर्दो येथील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले, वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना गंधहीन लाल रंग मिसळलेली व्हाइट वाइन देण्यात आली. तिच्या गंधाचे वर्णन त्यांनी रेड वाइनसाठीच्या शब्दांत केले. म्हणूनच गंभीर परीक्षणात बाटलीचे नाव झाकून ठेवतात. 24 मे 1976 रोजी पॅरिस येथे झालेल्या अशाच परीक्षणात कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973 ची कॅबरने सोव्हिन्यों बोर्दोच्या नामवंत वाइनपेक्षा सरस ठरली. परीक्षक फ्रेंचच होते. गुणांतील अंतर अल्प असले, तरी नावावरून दर्जा ठरवण्याच्या सवयीला त्या निकालाने मोठा धक्का दिला.

अन्नाशी मेळ

टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा निसरडेपणा कमी होतो आणि तोंड कोरडे, खरखरीत वाटते. काजूचे बोंड किंवा कच्चे जांभूळ खाल्ल्यावर येणारा अनुभव याच जातीचा आहे. सोबत मांस किंवा चीज असल्यास टॅनिनचा काही भाग त्यांतील प्रथिनांना व स्निग्धांशाला चिकटतो आणि वाइन मऊ लागते. मीठही तिचा कडवटपणा झाकते. याउलट गोड पदार्थासोबत कोरडी रेड वाइन अधिक आंबट व कडू भासते. टोमॅटोसारख्या आंबट पदार्थाला तितक्याच आंबट वाइनची जोड लागते; तस्कानीची किआंती तेथील टोमॅटोयुक्त जेवणाशी जुळते ती यामुळेच.

माशांसोबत रेड वाइन टाळावी हा संकेत जुना आहे. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी वाइनमधील लोह हे त्याचे एक कारण असल्याचे दाखवले: लोहाचे प्रमाण जितके जास्त, तितका मागाहून येणारा उग्र वास तीव्र. कमी लोह असलेली रेड वाइन त्या मानाने चालून जाते.

मराठी जेवणाच्या संदर्भात खरी अडचण तिखटाची आहे. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या चेतातंतू-ग्राहीला चेतवते, त्यालाच अल्कोहोलही चेतवते. त्यामुळे तांबड्या रश्श्यासोबत जास्त अल्कोहोलची, तुरट वाइन घेतल्यास जळजळ वाढते. अशा वेळी कमी टॅनिनची, फळांचा स्वाद ठळक असलेली आणि किंचित थंड केलेली वाइन बरी.

तापमान

रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा नियम थंड युरोपीय घरांतून आला आहे. त्याचा अर्थ साधारण 16 ते 18 अंश सेल्सियस असा घ्यावा. हलक्या वाइनला याहून कमी तापमान मानवते. द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिकमध्येही उन्हाळ्यात खोलीचे तापमान याच्या बरेच वर असते आणि त्या उष्णतेत अल्कोहोलचा दर्प इतर गंधांना दाबून टाकतो. तेथे बाटली पिण्यापूर्वी सुमारे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे सोयीचे ठरते.