सुइणीच्या हाताची राखण

घरात मूल जन्मले की आपण बाळ-बाळंतिणीची खुशाली विचारतो. ज्या हातांनी ते बाळ झेलले, त्या हातांची विचारपूस मात्र क्वचितच होते. त्या हातांविषयी दोन शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

१८४७ साली व्हिएन्ना शहरी शवविच्छेदन चालू असता प्राध्यापक कोलेच्का यांच्या बोटाला विद्यार्थ्याच्या हातची सुरी लागली. जखम क्षुल्लक, परंतु तिच्यातून विष भिनून ते दगावले. बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रियांच्या देहात ज्या खुणा दिसत, त्याच त्यांचे मित्र डॉ. सेमेलवाइस यांना येथेही आढळल्या. वैद्यांचे हातच हे विष प्रसूतिगृहात नेतात, हे त्यांनी ओळखले व क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. या कथेतील अर्धा धडा आपण लक्षात ठेवला. उरलेला अर्धा असा, की रोगाची ही वाट दोन्ही बाजूंनी चालते.

बाळंतपणात रक्त आणि गर्भजल यांना तोटा नाही. नाळ कापताना चिळकांडी डोळ्यांत उडते; टाके घालताना सुई बोटात शिरते; वार अडकली तर कोपरापर्यंत हात आत घालावा लागतो. रक्तातून हिपॅटायटिस बी व सी आणि एचआयव्ही यांची बाधा होऊ शकते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली, तर सुमारे १००० पैकी ३ प्रसंगी लागण होते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसाला १०० पैकी ६ ते ३० प्रसंगी! ज्याची धास्ती कमी, तोच रोग अधिक चिकट. सुदैवाने त्यावर लस आहे; तिचे तीन डोस प्रसूतिगृहातील प्रत्येकाने, झाडलोट करणाऱ्या बाईनेसुद्धा, घेतलेच पाहिजेत.

मग रोगी ओळखावा कसा? चेहऱ्यावरून तो ओळखता येत नाही. लागण ताजी असेल तर तपासणीही चुकते. म्हणून प्रत्येक रक्त सारखेच धोक्याचे मानावे, हाच खरा नियम होय. हातमोजे, एप्रन, चष्मा व बंद पादत्राणे प्रत्येक बाळंतपणाला हवीत. वार काढताना मोजे कोपरापर्यंतचे हवेत. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती तडक जाड डब्यात टाकावी. सुई टोचलीच, तर बोट पिळू नये, चोखू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि तत्काळ डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही रोखणारे औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाचे असते. लाजेने गप्प बसलेली परिचारिका हे मोलाचे तास गमावते.

"आमच्या सुनेला काय रोग आहे, म्हणून एवढा जामानिमा?" असे विचारणारे आप्त आम्ही पाहिले आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की मोजे सर्वांसाठी असले की ते कोणाचाच अपमान करीत नाहीत. शिवाय ज्या सुइणीला स्वतःच्या रक्षणाची खात्री आहे, ती कोणत्याही बाळंतिणीला दारातून परत पाठविणार नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाशी भेदभाव करण्यास मनाई केली, आणि रुग्णालयाने सेवकांना अशी साधने पुरवावीत, हेही सांगितले. दोन्ही कलमे एकाच न्यायाची आहेत.

तेव्हा प्रसूतिगृहात नाव घालताना खोलीचे भाडे विचाराल, तेव्हा तेथील परिचारिकांना लस व मोजे मिळतात का, हेही विचारा. त्या हातांची राखण म्हणजे आपल्याच लेकी-सुनांची राखण होय.