बियांपासून कार्नेशन

कार्नेशनच्या फुलास लवंगेचा वास येतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘कॅरिओफायलस’ हे पद लवंगेवरूनच आले. भूमध्य समुद्राकडील ह्या झाडास पुणे-नाशिकचा हिवाळा मानवतो. साचलेले पाणी मात्र त्यास मुळीच सोसत नाही.

पावसाळा ओसरताच, सप्टेंबरअखेरीस, कुंडीत बी पेरून वर वाळूमिश्रित मातीचा पातळ थर द्यावा. आठ-दहा दिवसांत रोपे दिसतात आणि खरी कसोटी येथेच लागते. ममतेने घातलेल्या जादा पाण्यामुळे बुरशी बळावते व कुंडीतील सारी रोपे एका रात्रीत आडवी होतात. वरची माती सुकल्यावाचून पाणी देऊ नये.

चार-पाच पानजोड्या फुटल्यावर रोपे वीतभर अंतरावर लावावीत व पुढे शेंडा खुडावा. बहर थोडा लांबतो, पण फांद्या फुटतात. ‘शाबो’ ह्या फ्रेंच वाणास पेरणीपासून सुमारे सहा महिन्यांनी फुले येतात. वाफ्याच्या शोभेसाठी सर्व कळ्या राखाव्यात. फुलदाणीसाठी प्रत्येक दांड्यावर एकच ठेवावी. अर्धवट उमललेले फूल सकाळी कापावे व पिकल्या फळांपासून दूर ठेवावे. फळांतील एथिलीन वायूने पाकळ्या लवकर मिटतात.

दुहेरी फुलांच्या बियांतूनही काही रोपे एकेरी निघतात. म्हणूनच व्यापारी बागाईत छाटकलमे लावतात. घरच्या बागेत एवढी अनिश्चितता सहज खपते. एकेरी फुलालाही लवंगेचा वास असतोच.