बिनदातांचं यंत्र

गोल करवतीचं पातं फिरताना पाहिलं की माणसाचा हात आपोआप मागे येतो. त्याला दात असतात, ते डोळ्यांना दिसतात, आणि दिसणाऱ्या दातांचं भय कुणी शिकवावं लागत नाही. आज ज्या यंत्राविषयी मी बोलणार आहे त्याला मात्र दात नाहीत. त्याच्या पोटाखाली खरखरीत कापडाचा एक पट्टा फिरतो, एवढंच. बाजारात त्याला बेल्ट सँडर म्हणतात. आपले मिस्त्री नुसतं 'सँडर' म्हणतात, नाही तर 'घासायची मशीन'. अमरावतीला किंवा अकोल्याला फर्निचरच्या कामावर गेलात तर हे यंत्र घरघरताना दिसेल. बिनदातांचं म्हणून त्याला फारसं कुणी भीत नाही, आणि गडबड होते ती तिथंच.

पूर्वी वऱ्हाडातल्या सुताराचं काम म्हणजे तिफण, वखर, बैलगाडी आणि घराच्या चौकटी-दारं. मेळघाटच्या डोंगरातलं सागवान परतवाड्याला उतरायचं, आणि तिथून गावोगाव जायचं. सागवानी दाराचा पल्ला रंध्यानं साफ करून वर काचकागदानं घासायचा म्हणजे खांदे भरून यायचे. सँडरनं तेच काम पाऊण तासात उरकतं. तेव्हा हे यंत्र वापरूच नका असं सांगायला मी आलेलो नाही. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या कामावर जे घडलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

मे महिन्याचे दिवस. दुपारी वादळ उठलं, वळवाचे चार थेंब पडले आणि नेहमीप्रमाणे लाईन गेली. मिस्त्री दाराचा पल्ला घाशीत होते. यंत्र जागच्या जागी थांबलं, तसं त्यांनी ते पल्ल्यावरच ठेवलं आणि समोरच्या टपरीवर चहाला गेले. या यंत्राच्या मुठीजवळ एक बारीक बटण असतं. घोडा दाबून ते बटण आत ढकललं की घोडा दाबलेलाच राहतो, बोट आखडत नाही. ते बटण तसंच आत राहिलं होतं. वीस मिनिटांनी लाईन आली. आली म्हणजे यंत्रात सुद्धा आली! धरायला कुणी नाही, आणि ते पल्ल्यावरून सुसाट पुढे निघालं. टोकावरून खाली पडलं ते बिजागऱ्या निवडत बसलेल्या पोराच्या मांडीवर. वायर ताणली जाऊन पिन सॉकेटमधून निघाली म्हणून थोडक्यात निभावलं. तरी तळहाताएवढी कातडी गेली.

मिस्त्री मला म्हणाले, "भाऊ, हे मशीन चावत नाही जी, पयते. मले वाटलं लाईन गेली म्हंजे मशीन बंद. ते बंद नव्हती झाली, उभी रायली होती फक्त."

हा 'बंद' आणि 'उभी' यांतला फरक आपल्या भागात तरी प्रत्येक कारागिरानं ध्यानात ठेवला पाहिजे. उन्हाळ्यातली वादळं, फिडरवरचे बिघाड, खेड्यांतली जाणारी-येणारी लाईन यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की वीज गेली म्हणजे आपण काम संपलं असं समजून उठतो. उठण्यापूर्वी घोडा दाबून सोडावा, म्हणजे अडकलेलं बटण सुटतं. आणि पिन काढून ठेवावी. तसंच पिन खोचण्यापूर्वी घोडा मोकळा आहे ना ते बोटानं चाचपून पाहावं. माझं स्वत:चं मत विचाराल तर ते बटण वापरूच नये. लांबरुंद टेबलाचा तक्ता घासताना बोट दुखतं हे खरं; पण मग दर पाच मिनिटांनी थांबावं, तेवढीच पाठही सरळ होते. काही ठिकाणी तर बटण बिघडलं म्हणून घोडा सुतळीनं बांधलेला मी पाहिला आहे. त्याविषयी काय बोलावं!

आता हे यंत्र पळतं का, ते पाहू. त्याच्या आत दोन रूळ असतात. मागचा रूळ मोटर फिरवते, पुढचा पट्टा ताणून धरतो. पट्टा कापडाचा, त्यावर कठीण खड्याचे बारीक कण चिकटवलेले. लहान यंत्राचा पट्टा ७५ मि.मी. रुंद, मोठ्याचा १०० मि.मी. असतो. तो मिनिटाला साधारण ३०० ते ४५० मीटर धावतो, म्हणजे सेकंदाला पाच ते साडेसात मीटर. खालच्या बाजूनं पट्टा आपल्याकडे, म्हणजे मागे, येत असतो. बैलगाडीचं चाक जमिनीला मागे रेटतं आणि गाडी पुढे जाते असं आपण समजतो. बैलगाडीत ते खरं नाही, तिला बैल ओढतात, पण मोटारीत खरं आहे. इथंही तेच. पट्टा लाकडाला मागे रेटतो आणि यंत्र आपल्यापासून पुढे पळू पाहतं.

एवढं कळलं की धरायचं कसं ते निराळं सांगावं लागत नाही. दोन्ही मुठी दोन्ही हातांत. यंत्र लाकडावर टेकवून चालू करायचं नाही. अधांतरी चालू करायचं, पट्ट्यानं वेग घेतला की मागची बाजू आधी आणि मग पुढची अशी अलगद टेकवायची. टेकलं की ओढ जाणवते, तिच्यासाठी पाय आधीच रोवलेले हवेत. वरून दाब देऊ नये. यंत्राचं वजनच तीन-चार किलोपासून सहा-सात किलोपर्यंत असतं, तेवढं पुरे होतं. दाबलं तर लाकडात खळगा पडतो, मोटर तापते. संपवताना आधी उचलायचं, मग बंद करायचं, आणि पट्टा पुरता थांबेपर्यंत हातातच धरायचं. खाली ठेवण्याची घाई झाली की उरलेल्या वेगावर ते चार पावलं चालतंच.

आणि यंत्र पुढे जाऊ पाहतं तसं सुटं लाकूड मागे, म्हणजे आपल्या पोटाकडे, येऊ पाहतं. म्हणून लाकडाला अटकाव द्यायचा तो आपल्या बाजूनं. नवशिके हमखास पलीकडच्या बाजूला पट्टी ठोकतात, आणि फळी येऊन कमरेत बसते. सगळ्यांत बरं म्हणजे दोन शिकंजे लावून लाकूड टेबलाशी आवळावं, आणि शिकंज्याची मूठ यंत्राच्या वाटेत येत नाही ना ते पाहून घ्यावं. लहान वस्तू या यंत्राखाली घालूच नये. तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांसाठी लाकडी नंदी करतात; तो एका हातात धरून दुसऱ्या हातानं सँडर लावणारे महाभाग आहेत. नंदीच्या पाठीला काचकागद आणि आपला अंगठा यांसारखं हत्यार नाही.

कपड्यांचं एक सांगतो. अकोल्याचा मे महिना म्हणजे पंचेचाळीस अंशांचा मामला, तेव्हा डोक्याला दुपट्टा आलाच. पण त्याचं लोंबतं टोक फिरत्या रुळात गेलं तर रूळ तो गुंडाळीत जातो, आणि दुपट्ट्याबरोबर मान येते. दुपट्टा बांधा, टोकं आत खोचा. मनगटावरचे दोरे, कडी, पोरींच्या ओढण्या आणि वेण्या यांनाही हाच न्याय. सैल हातमोजेही नकोत. वायर खांद्यावरून मागे टाकावी म्हणजे यंत्राखाली येत नाही. काही यंत्रांना दोनच पिना असतात, त्या पाहून 'अर्थिंग नाही' म्हणून घाबरू नये. यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याचं वेष्टण दुहेरी आहे, त्याला तिसरी पिन लागत नाही. मात्र कूलरच्या सांडलेल्या पाण्यात उभं राहून कुठलंच विजेचं यंत्र चालवू नये, खूण असो वा नसो.

इथवर झालं ते डोळ्यांना दिसणारं. आता न दिसणारं. करवतीचा भुसा जड असतो, पायाशी पडतो. सँडरची धूळ पिठासारखी; तिच्यातले सर्वांत बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. इंग्लंडात हाय विकम हे खुर्च्या-टेबलांच्या धंद्याचं गाव. तिथल्या नाक-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आलं की एरवी फार दुर्मिळ असणारा नाकाच्या पोकळीचा कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो आहे. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत निश्चितपणे घातली. हे आजार वर्षानुवर्षं धूळ खाल्ल्यानंतरचे. त्याच्या कितीतरी आधी खोकला, दमा, शिंका येतात. आणि आपल्या सागवानाची स्वत:ची एक खोड आहे: त्यातल्या द्रव्यांमुळे काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. 'उन्हानं घामोळं आलं' म्हणून पावडर लावीत बसणाऱ्या मिस्त्रीनं एकदा हा संशय घेऊन पाहावा.

जिनिंगमध्ये काम केलेल्यांना तोंडाला फडकं बांधायची सवय असते. फडकं कापूस अडवतं, ही बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ नावाचा मुखपट्टा २०२० च्या साथीत आपल्या सर्वांच्या ओळखीचा झाला. तोच इथं कामाचा. भारतीय मानकाचा आय. एस. ९४७३ हा क्रमांक असलेला घ्यावा, नाकावरची पट्टी दाबून बसवावी. दाट दाढी असेल तर तो बाजूनं गळतो. निळा सैल मुखपट्टा तर सगळ्यांचाच गळतो. यंत्राला धुळीची पिशवी येते ती अडचण होते म्हणून काढून ठेवू नये, अर्धी भरताच झटकावी. आणि काम शक्यतो उघड्यावर, वारा पाठीकडून तिरपा येईल असं उभं राहून करावं. बंद खोलीत कूलर लावून घासणं म्हणजे धूळ घरभर वाटणं.

गाडगेबाबांच्या जिल्ह्यात झाडूविरुद्ध बोलणं धाडसाचं आहे. पण कोरडा झाडू मारला की बसलेली धूळ पुन्हा उठते आणि झाडणाऱ्याच्याच नाकात जाते. यंत्राची पिन काढून, वायर गुंडाळून, जमिनीवर पाणी शिंपडून मग झाडावं.

पडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान हल्ली पुष्कळ विकलं जातं. लाकूड सोन्यासारखं, पण त्यात खिळे असतात. घासताना खिळ्याचं डोकं लागलं की पट्टा फाटतो, हे एक. दुसरं असं, की ठिणगी उडून धुळीच्या पिशवीत जाते आणि तिथं तुसाच्या आगीसारखी आत धुमसते. संध्याकाळी दुकान बंद होतं आणि रात्री धूर निघतो. म्हणून आधी हात फिरवून, चुंबक लावून खिळे काढावेत, आणि पिशवी संध्याकाळी बाहेर मोकळी करावी. तिसरं, जुन्या दारांवरच्या तेलरंगात शिसं असू शकतं. रंगातलं शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा नाही. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. असा रंग सँडरनं कोरडा उडवू नये. पाणी लावून, हातानं, पाणकागदानं काढावा, आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

आवाजाविषयी फार सांगत नाही. हे यंत्र कानाशी चालतं आणि कानाला सोसेल त्यापेक्षा मोठ्यानं चालतं. औषधाच्या दुकानात कानात घालायचे बोळे स्वस्त मिळतात. डोळ्यांना चष्मा हवा, तो बाजूनं झाकलेला.

पट्टा बदलताना पिन काढलेली हवी हे ओघानं आलंच. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बाण असतो. तो यंत्रावरच्या बाणाशी जुळवावा, नाही तर सांधा उकलून पट्टा तुटतो आणि फडाफडा हातावर बसतो. नव्या पट्ट्यांत दोन्हीकडे चालणारे असतात, त्यांना बाण नसतो किंवा दुतोंडी असतो. बसवल्यावर यंत्र उलटं धरून क्षणभर चालवावं, आणि पट्टा एका बाजूला सरकत असेल तर बाजूचा स्क्रू फिरवून मध्ये आणावा. पट्टे पावसाळ्यात दमट भिंतीला टांगू नयेत, डिंक मऊ पडतो. घडी तर कधीच घालू नये.

आणि इतकी काळजी घेऊनही लागलंच तर. या यंत्राची जखम खरचटल्यासारखी दिसते, पण कातडीचे थर गेलेले असतात आणि आत लाकडाचे नि पट्ट्याचे कण बसलेले असतात. त्या पोराच्या मांडीवर कुणीतरी धावत जाऊन हळद नि चुना भरला होता, आणि डॉक्टरांना आधी ते धुण्यातच अर्धा तास गेला. हळद, चुना, विडीची राख यांतलं काही लावू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम चांगली पाच-दहा मिनिटं धरा, धुतलेलं फडकं हलक्या हातानं बांधा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा झालं होतं ते डॉक्टरांना सांगा.