जुन्या घड्याळाचे मशीन

भिलाईच्या हुडकोसारख्या वसाहतीत भिंतीवरचे टोल्याचे घड्याळ बंद पडले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो : याला नवे मशीन कुठे मिळेल? माझ्या मते आधी विचारायला हवे, की जुने मशीन खरोखर संपले आहे का. अशी घड्याळे बंद पडण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. तेल वाळून चिकट होते, लोलक ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती वाकते, किंवा रंगकामानंतर घड्याळ जरा तिरके टांगले जाते. तिरक्या घड्याळाची टिकटिक लंगडते आणि काही मिनिटांत ते थांबते. ते सरळ करून दोन ठोक्यांमधले अंतर कानाने सारखे जुळवायला पैसा लागत नाही. खरी झीज होते ती पितळी प्लेटांतल्या भोकांत. चाकाच्या आसाचे टोक वर्षानुवर्षे एकाच बाजूला दाबत राहते, भोक लांबट होते आणि दाते नीट भिडत नाहीत. त्यावर उपाय जुनाच आहे : भोक मोठे करून त्यात पितळी बुश, म्हणजे बारीक नळी, ठोकायचा. ज्या गावाने फिटर आणि टर्नरच्या पिढ्या घडवल्या, तिथे लेथवर बारीक बुश काढून देणारा हात मिळणे अवघड नसावे; मात्र तो बसवायचा घड्याळजीनेच.

तरीही मशीन बदलावेच लागले, तर तबकडीवरच्या नावावर विसंबू नये. पुष्कळदा ते मुंबई-कलकत्त्याच्या विक्रेत्याचे असते. खरी ओळख मागच्या प्लेटवर असते. युंगहान्स या जर्मन कंपनीच्या मशीनवर आठ टोकांचा तारा दिसतो, आणि काही मशीनवर ए किंवा बी हे अक्षर व पुढे दोन आकडे असतात. ‘बी २७’ म्हणजे १९२७ सालची दुसरी सहामाही. पण ओळख पटली म्हणजे माल मिळतो असे नाही. अमेरिकेच्या ॲन्सोनिया कंपनीची यंत्रसामग्री १९२९ मध्ये सोव्हिएत संघाने विकत घेऊन मॉस्कोला नेली. म्हणून नावाइतकीच मापेही महत्त्वाची. चावीच्या दोन भोकांमधले अंतर, काट्यांच्या आसापासून त्यांची उंची, तबकडीबाहेर येणारी आसाची लांबी आणि काटे बसण्याची जागा मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. सर्वांत महत्त्वाचा लोलक. सुमारे २५ सेंटिमीटरचा लोलक मिनिटाला १२० ठोके देतो, सुमारे ९९ सेंटिमीटरचा ६०. वेगळ्या ठोक्यांसाठी बनवलेल्या मशीनला जुना लोलक लावला, तर खालचा नट कितीही फिरवा, वेळ जुळत नाही. हर्मले या जर्मन कंपनीच्या, आजही मिळणाऱ्या मशीनच्या मागच्या प्लेटवर क्रमांकासोबत लोलकाचे सेंटिमीटरही कोरलेले असतात, ते यासाठीच. टोल्याची रचनाही पाहावी. जुन्या अमेरिकन घड्याळांत बहुधा खाचांचे मोजणीचे चाक असते. काटे बेपर्वाईने फिरवले तर त्यात तास आणि टोले यांची फारकत होते.

यावर सरळ आक्षेप असा, की क्वार्ट्झ मशीन स्वस्त आहे आणि वेळ अधिक अचूक दाखवते. हे खरेच आहे. पोलादी दांड्याचा लोलक तापमान एक अंशाने वाढले की दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडतो. हिवाळ्यात जुळवलेले घड्याळ छत्तीसगडच्या उन्हाळ्यात, तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर आठवड्याला पावणेदोन मिनिटे मागे राहील. पण अचूक वेळ आता खिशातल्या फोनवर असतेच. त्यासाठी कोणी हे घड्याळ जपत नाही. क्वार्ट्झ बसवले की चावीची भोके निरुपयोगी होतात, लोलक वेळेशी संबंध नसलेली शोभेची वस्तू बनतो, आणि मशीन बसावे म्हणून कोणी तबकडीचे मधले भोक रुंद केले तर तो बदल परत फिरवता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : दुरुस्ती करणारे हात कमी होत चालले आहेत. भिलाईत कोणी भेटले नाही तर नागपूर गाठावे लागेल, आणि खर्च घड्याळाच्या बाजारभावापेक्षा जास्तही होईल. हा खर्च प्रत्येकाने करावा असा आग्रह धरता येत नाही. पण तो जमत नसेल तर घड्याळ बंद ठेवणे हा क्वार्ट्झपेक्षा चांगला पर्याय आहे, कारण बंद मशीन पुढे कधीही दुरुस्त होऊ शकते.

प्लेट तडकली असेल, किंवा तुटलेल्या कमानीच्या झटक्याने अनेक चाकांचे दाते गेले असतील, तर मात्र नवे यांत्रिक मशीन बसवणे रास्त आहे. अशा वेळी पेटीत नवी भोके पाडू नयेत, जुन्या आधारावरच बसेल अशी पट्टी करून घ्यावी. काढलेले मशीन भंगारात देऊ नये. कमानी उतरवून, तेल पुसून, बदलाची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह ते कापडी पिशवीत घड्याळाच्या मालकाकडेच राहावे.