वाकावं कुठून, उचलावं कसं

मणका मोडायला पडावंच लागतं असं नाही. भरलेली बादली उचलली, घट्ट बसलेली खिडकी जोर लावून ढकलली, कधी नुसती जोरात शिंक आली, तरी हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला तेवढं पुरतं. पाठीत कळ येते, ‘उसण भरली’ म्हणून शेक घेतला जातो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत मणका दबलेला सापडतो. ऑस्टिओपोरोसिसमधली मणक्यांची निम्म्याहून अधिक फ्रॅक्चर वेळेवर ओळखलीच जात नाहीत.

मणका बहुधा पुढच्या बाजूने दबतो. त्याचा पुढचा जाड भाग आतून भरीव नसतो. अनारशाला असते तशी त्याला जाळी असते. पाळी गेल्यावर, वय वाढल्यावर किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या बराच काळ घ्याव्या लागल्या की ही जाळी विरळ होत जाते. पाठीला पोक काढून वाकलं की धडाचा आणि हातातल्या वजनाचा भार नेमका याच भागावर येतो. वाकलेलं असतानाच बाजूला वळलं तर पीळही पडतो. पोक, पीळ आणि वजन हे तिन्ही एकाच वेळी आले की धोका सर्वांत जास्त.

१९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका माणसाच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून रोजच्या हालचाली तपासल्या. नुसतं उभं राहताना दाब ०.५ मेगापास्कल होता. पाठ वाकवून २० किलो उचलताना तो २.३ झाला, गुडघे वाकवून उचलताना १.७, आणि तेवढंच वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. म्हणजे ढब सुधारल्याने फरक नक्की पडतो. पण योग्य पद्धतीने उचलतानाही दाब उभं राहण्याच्या तिपटीहून जास्तच. म्हणून आधी वजन कमी करायचं, ढबीचं त्यानंतर.

आपल्याकडची मोठी बादली साधारण २० लिटरची, म्हणजे २० किलोंचीच. ती भरून उचलायचीच कशाला? चौरंगावर किंवा बळकट स्टुलावर ठेवून नळीने भरावी आणि तिथूनच तांब्याने पाणी घ्यावं. गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास जातो. तो सरकवणं हे घरातल्या दुसऱ्या कोणाचं काम. नातवंडाला जमिनीवरून उचलू नये. आपण सोफ्यावर बसावं, ते आपोआप मांडीवर चढतं.

खाली पडलेली हलकी वस्तू उचलायची तर पाठ गोल न करता खुब्यातून वाकायचं. एक पाय पुढे, गुडघे थोडे मोडलेले, नितंब मागे, छाती उघडी आणि एक हात खुर्चीवर किंवा ओट्यावर. सुरुवातीला हे अवघडल्यासारखं वाटतं. भिंतीकडे पाठ करून सराव केला की पाठ सरळ ठेवून वाकणं अंगवळणी पडतं.

आखूड केरसुणीने केर काढणं आणि बसून फरशी पुसणं ही दोन कामं मात्र बंदच करावीत. लांब दांड्याचा झाडू आणि पोछा घ्यावा, आणि हात लांबवत बसण्यापेक्षा स्वतः चालत पुढे सरकावं. विळीवर ओणवं होऊन चिरण्यापेक्षा ओट्यावर सुरी बरी.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी खांदे आणि कंबर एकत्र फिरवून कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि कोपर व तळवा टेकून उठावं. मग मिनिटभर बसूनच राहावं, कारण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते. शिंक येतेयसं वाटलं तर एक हात मांडीवर टेकवून पाठ सरळ ठेवावी.

व्यायामाबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मणके ठिसूळ झालेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींचे मणके आणखी दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होतं. तेव्हा पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन बंद. सूर्यनमस्कारांचा कितीही अभिमान असला तरी त्यातलं पुढे वाकणं वगळावं लागेल. पण व्यायाम सोडून पडून राहणं त्याहून वाईट. भार नसला की हाड आणखी झिजतं. रोजचं चालणं चालू ठेवावं आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

खुब्याचं हाड मात्र बहुतेक वेळा पडूनच मोडतं, आणि न्हाणीघर ही त्याची हमखास जागा. तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीला जातो, पण ती माणसाचं वजन पेलायला बनवलेली नसते. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्कं बसवलेलं कडं हवं. सैल पायपुसणं काढून टाकावं, रात्रीचा दिवा चालू असावा, आणि दिवाळीच्या अभ्यंगाचं तेल खोलीत खुर्चीवर बसून लावून, तळवे पुसूनच मोरीत जावं.

आणि एक काम आजच करा. दाराच्या चौकटीला टाच आणि पाठ लावून उंचीची खूण करा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती चार सेंटिमीटरहून कमी भरली, तर पाठ दुखत नसली तरी डॉक्टरांना मणक्यांच्या एक्स-रेबद्दल विचारा.