ग्राहकसेवेची भाषा आणि यंत्राचा आवाज

व्यवहारात वस्तू आणि पैसा यांच्याबरोबर शब्दांचीही देवघेव होत असते. वाणिज्यशास्त्र ज्याला ‘ग्राहकानुभव’ म्हणते, त्याचा मोठा भाग या शब्दांनी घडतो. मराठीपुरता या प्रश्नाचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

‘ग्राहक’ आणि ‘गिऱ्हाईक’ हे शब्द मुळात एकच. परंतु त्यांची प्रतिष्ठा सारखी नाही. ‘ग्राहक’ पुल्लिंगी, तर ‘गिऱ्हाईक’ नपुंसकलिंगी. शिवाय एखाद्याचे ‘गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडविणे. १९८६ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हक्क दिले, ते ‘ग्राहका’ला. मात्र कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात पदरात पडतो तो बोलण्यातून आणि लिहिण्यातून. आणि अडचण तेथेच आहे.

‘आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे, लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल,’ हे वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. तक्रार कोणी नोंदविली, कार्यवाही कोण करणार, केव्हा करणार, यांपैकी काहीच ग्राहकाला कळत नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. जबाबदारी मात्र त्यातून नाहीशी झाली आहे.

सर्वनामांचेही तसेच. ‘आम्ही चौकशी करतो’ यातील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते. ‘आपण पाहू या’ यातील ‘आपण’ त्याला सामावून घेते. परंतु दंड एकट्या ग्राहकाने भरावयाचा असता ‘आपण दंड भरून टाकू’ असे म्हणणे, ही आपुलकी नव्हे.

आता माणसाच्या जागी यंत्राचा आवाज येत आहे. भारत सरकारने २०२२ साली भारतीय भाषांतील यंत्रानुवाद व वाणी यांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. इंग्रजीतून अनुवाद करणाऱ्या यंत्राला तेथील एकाच द्वितीयपुरुषी सर्वनामासाठी ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. स्वतःविषयी बोलतानाही त्याची सुटका नाही: ‘मी तपासतो’ की ‘मी तपासते’? मराठी क्रियापद येथे बोलणाऱ्याचे लिंग विचारते, आणि यंत्राला ते नाही. यातून वाट मराठीतच सापडते. ‘मी तक्रार नोंदवली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते; ‘मी पाहीन’ या भविष्यकाळी रूपातही लिंग दिसत नाही. अशा वाक्यांत कर्ताही उघड राहतो, हा दुसरा लाभ.

याहून कठीण प्रश्न ऐकण्याचा आहे. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलणारा मनुष्य आपले गाऱ्हाणे प्रमाण मराठीत मांडीलच असे नाही. पैसे खात्यातून गेले आणि पोहोचले नाहीत, एवढेच त्याला सांगावयाचे असते. यंत्राला ते न समजल्यास, आणि पलीकडे माणूसही न मिळाल्यास, त्याची तक्रार नोंदलीच जात नाही. आणि न नोंदलेल्या तक्रारीला कायदाही साहाय्य करू शकत नाही.

म्हणून व्यवसायांनी ही वाक्ये शेवटच्या घटकेला अनुवादासाठी न धाडता मूळ मराठीतच रचून घ्यावीत. त्यांत कर्ता असावा, मुदत असावी आणि माणसाशी बोलण्याची सोय पहिल्याच वाक्यात सांगितलेली असावी. भाषेच्या अभ्यासकांनीही हे काम आपल्या क्षेत्राबाहेरचे मानू नये.